सिस्टर कंपनीत पाठवतायत, पगार तोच म्हणतायत, मग मागायचं काय?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. ताई कळव्याला राहतात, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहेत, बिलिंग आणि व्हेंडर पेमेंट बघतात. नोकरीला ४ वर्षं ३ महिने झालेत, सीटीसी (म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ७.८० लाख, बेसिक म्हणजे मूळ पगार महिना २८ हजार. मालकांनी आता ठरवलंय की त्यांचं अख्खं डिपार्टमेंट, म्हणजे चाळीसेक माणसं, १ जानेवारीपासून ग्रुपच्याच दुसऱ्या कंपनीत जाणार, ऑफिस महापेला. एचआर म्हणतंय काहीच बदलत नाहीये, फक्त कंपनीचं नाव बदलतंय, सीटीसी तेवढाच, इथे राजीनामा द्या, तिथलं ऑफर लेटर घ्या आणि शुक्रवारपर्यंत दोन्हीवर सह्या करून द्या. ताईंचं विचारणं असं की अशा वेळी पगारवाढ मागता येते का, किती मागायची, आणि नाही म्हटलं तर काढून टाकतील का.

ताई, मागता येते, आणि मागाच. पण तुमच्या प्रश्नात मला वाढीपेक्षा जास्त खटकलेला शब्द आहे राजीनामा. तो आधी घेतो, कारण तिथे चूक झाली तर वर दहा टक्के मिळवलेत तरी उपयोग नाही.

मी २६ वर्षं एचआर आणि पेरोलमध्ये काढली, तुर्भे, रबाळे, महापे, म्हणजे ठाणे-बेलापूर रोडच पालथा घातला म्हणा ना. आणि तरी ही चूक मी स्वतः केलेली आहे. २००३ ला एका कंपनीत लागलो, २००७ ला त्यांनी आम्हाला सिस्टर कंपनीत टाकलं, तेव्हा माझी ४ वर्षं २ महिने झाली होती. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला, म्हणाले अरे फॉर्मॅलिटी आहे, चहा संपायच्या आत मी राजीनाम्यावर आणि नव्या लेटरवर सही करून बाहेर. नव्या लेटरवर जॉइनिंगची तारीख नवीन, आधीच्या नोकरीचा शब्दही नाही. पुढे तिथून साडेचार वर्षांनी सोडलं. दोन्हीकडची मिळून ८ वर्षं ८ महिने एकाच मालकाकडे, एकाच टेबलावर, आणि ग्रॅच्युइटी (पाच वर्षं सलग नोकरी झाली की सोडताना मालकाने द्यायची रक्कम) शून्य. कारण पहिल्या कंपनीत पाच भरली नव्हती आणि दुसऱ्या कंपनीतही पाच भरली नाहीत. माझा बेसिक तेव्हा १४ हजार होता, सलग धरली असती तर ९ वर्षांचे ७२,६९२ रुपये झाले असते (सहा महिन्यांच्या वरचा भाग पूर्ण वर्ष धरतात म्हणून ९). बायको अजून कधीमधी तो आकडा ऐकवते, आणि बरोबरच आहे तिचं, दुसऱ्यांचे ग्रॅच्युइटीचे फॉर्म भरणारा माणूस मी.

तुमची केस जवळपास तशीच आहे. ग्रॅच्युइटीचा हिशोब बेसिक भागिले २६ गुणिले १५ गुणिले वर्षं, म्हणजे तुमच्या बाबतीत वर्षाला १६,१५४ रुपये, आणि अजून नऊ महिन्यांनी पाच वर्षं पूर्ण झाली की साधारण ८०,७६९ तुमचे. मद्रास हायकोर्टाने ४ वर्षं २४० दिवसांनाही पाच वर्षं धरलेलं आहे पण तुम्ही तिथपर्यंतही पोचलेल्या नाहीत. आज साधा राजीनामा दिलात की घड्याळ शून्यावर. म्हणून एक नंबरची मागणी पैशाची नाही, एका वाक्याची आहे. नव्या लेटरमध्ये असं लिहून हवं की मूळ कंपनीतली रुजू होण्याची तारीख हीच ग्रॅच्युइटी, रजा आणि नोकरी संपवताना मिळणारी भरपाई या सगळ्यासाठी धरली जाईल, नोकरी सलग मानली जाईल आणि आधीच्या काळाची जबाबदारी नवी कंपनी घेते. याचं इंग्रजी करून घ्या, तुमच्या एचआरला असली वाक्यं तोंडपाठ असतात, लिहायची तयारी आहे का ते बघायचं. आणि राजीनामा ऐवजी ट्रान्सफर लेटर मागा, ज्यावर जुनी कंपनी, नवी कंपनी आणि तुम्ही अशा तिघांच्या सह्या असतात. ते म्हणतील सिस्टीममध्ये राजीनामा टाकल्याशिवाय फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशोब, होत नाही. त्यावर तुम्ही म्हणायचं, ठीक आहे, टाकते, पण राजीनाम्यातच लिहिते की ग्रुपच्या सूचनेवरून अमुक कंपनीत बदली होत असल्यामुळे आणि सेवा सलग राहणार या अटीवर देते आहे. एवढ्यावर बहुतेक एचआर थांबतात आणि वर विचारून सांगतो म्हणतात.

तारखांकडे पण बघा. एक भानगड मी तीन-चारदा तरी बघितलीये, रिलीव्हिंग ३१ तारखेचं आणि जॉइनिंग २ किंवा ३ चं, कारण काय तर १ ला सुट्टी होती. मध्ये दोन दिवसांची भेग, आणि सलग नोकरीच्या वाक्यावर पुढे कोणीतरी बोट ठेवणार. ३१ संध्याकाळ ते १ सकाळ, सुट्टी असली तरी जॉइनिंग १ चीच.

आता तुमच्याकडे ताकद किती आहे ते. लोकांना वाटतं मालकाने ठरवलं म्हणजे झालं, आपण कुठल्या खात्यात बसायचं हे मालक सांगतो तसंच कुठल्या कंपनीत बसायचं हेही सांगणार. तसं नाहीये. एका कंपनीच्या आत ठाण्याहून महापेला बदली वेगळी, आणि एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे जाणं वेगळं. ग्रुप एक असला, मालक तोच शेठ असला, तरी कायद्याने दोन कंपन्या म्हणजे दोन मालक. १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टाने जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या एका खटल्यात हे स्पष्ट सांगितलं, तिथे इम्फाळचं सेंटर मणिपूर विद्यापीठाकडे दिलं आणि प्राध्यापकालाही बरोबर पाठवून दिलं, कोर्ट म्हणालं माणसाच्या संमतीशिवाय त्याला एका मालकाकडून दुसऱ्याकडे ढकलता येत नाही. म्हणजे एचआर जी सही मागतंय ना शुक्रवारपर्यंत, ती फॉर्मॅलिटी नाही, ती संमती आहे, आणि ती त्यांना हवीये. संमती मागायला आलेल्या माणसाशीच वाटाघाटी होते, सही दिल्यावर फक्त विनंती होते.

पण एक काम आज रात्रीच करा, जुनं अपॉइंटमेंट लेटर शोधून काढा आणि त्यात ग्रुपमधल्या कुठल्याही कंपनीत बदली करू शकतो असा क्लॉज आहे का बघा. हल्ली बऱ्याच लेटरमध्ये असतो, आणि सही करताना कोणी वाचत नाही. तो असेल तर तुमचा ठाम नकार कमकुवत होतो हे मान्य करायचं, उगाच कायद्याची भाषा करायची नाही. तरी त्या क्लॉजचा अर्थ पगार आणि अटी कमी करून पाठवू असा होत नाही. मी असा क्लॉज असलेल्या माणसांनाही दोन पैसे जास्त मिळालेले बघितलेत, कारण कंपनीला कोर्टात जिंकायचं नसतं, १ तारखेला बिलिंग चालू हवं असतं.

दुसरी गोष्ट, डिपार्टमेंटच्या डिपार्टमेंट जातंय, म्हणजे हे व्यवसायाचा भाग हस्तांतरित होण्यासारखं आहे. औद्योगिक विवाद कायदा १९४७ मध्ये यासाठी २५-एफएफ कलम होतं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून जे चार लेबर कोड लागू झालेत त्यातल्या इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमध्येही हीच तरतूद आहे. सार असं: कामगार व्याख्येत बसणाऱ्या माणसाची सेवा खंडित होत नसेल, अटी आधीपेक्षा वाईट नसतील आणि नवा मालक जुन्या सेवेची जबाबदारी घेत असेल तर भरपाई नाही. यातलं एक जरी नसेल तर छाटणी केल्यासारखी भरपाई, म्हणजे एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या दर वर्षाला १५ दिवसांचा पगार. तुमची चार वर्षं म्हणजे ६० दिवस अधिक महिना, तीन महिन्यांचा पगार धरा. तुमच्या एकटीसाठी ही काही लॉटरी नाही, पण चाळीस जणांचे तीन-तीन महिने मालकाच्या सीएने मांडून बघितले की त्याला सलग सेवेचं ते एक वाक्य फारच स्वस्त वाटायला लागतं. आणि हो, अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह हे पद वाचून मी कामगार कसली असं समजू नका, कार्डावर काय लिहिलंय याला किंमत नाही, दिवसभर काम काय करता ते बघतात, बिलिंग आणि एंट्र्या हे कारकुनी काम त्यात बसतं. हाताखाली माणसं असतील, रजा मंजूर करत असाल, तर मात्र गोष्ट बदलते.

आता पगार. तुम्ही ड्राफ्ट लेटरमधले मुद्दे पाठवलेत ते बरं केलंत, कारण सीटीसी तेवढाच या दोन शब्दांत किती काय लपतं ते दाखवता येईल. ड्राफ्टप्रमाणे ७.८० लाखच आहेत, पण त्यात १० टक्के व्हेरिएबल, म्हणजे टार्गेटवर अवलंबून पगार, जे जुन्या कंपनीत नव्हतं. ग्रॅच्युइटी सीटीसीच्या आत धरलीये, जुन्या कंपनीत ती बाहेर होती. महिन्यातले दोन शनिवार चालू, आधी सगळे बंद होते. नोटीस पिरियड ३० चा ९० दिवस. आणि पीएफ १८०० रुपये.

पेन घ्या. व्हेरिएबल ७८,००० गेले, मिळतील किंवा नाही मिळतील, आणि पहिल्या वर्षी टार्गेट ठरायलाच जून उजाडतो असा माझा अनुभव. ग्रॅच्युइटीचे १६,१५४ आत ढकलले. खात्रीचा पगार उरला ६,८५,८४६. म्हणजे तुम्ही वाढ मागायला निघालात पण आत्ता हातात जे आहे ती १२ टक्क्यांची कपात आहे. आणि गंमत बघा, १२ टक्के वाढ मागून मिळाली तरी जिथल्या तिथे येत नाही, कारण वाढीव आकड्यातलेही १० टक्के परत व्हेरिएबलमध्ये जाणार. शनिवारांचं वेगळंच. वर्षाचे कामाचे दिवस २६० धरले तर तुमचा दिवस ३,००० रुपयांचा पडतो, २४ शनिवार म्हणजे ७२,००० रुपयांचं काम फुकट. हे कुठल्याच लेटरवर आकड्यात दिसत नाही, म्हणून कोणी मागत नाही.

पीएफचं थोडं खोलात सांगतो कारण यात लोक उगाच घाबरतात पण आणि नको तिथे गप्प पण बसतात. आत्ता कंपनी तुमच्या बेसिकवर १२ टक्के भरते, ३,३६० रुपये. नवी कंपनी कायद्याच्या १५ हजारांच्या मर्यादेवर भरणार, १,८०० रुपये. मालकाचा हिस्सा महिन्याला १,५६० ने कमी, वर्षाचे १८,७२०. सीटीसी खरंच तेवढाच असेल तर हे पैसे स्पेशल अलाउन्समध्ये दिसले पाहिजेत, ड्राफ्टच्या ॲनेक्शरमध्ये बेरीज करून बघा, मला एकदा बेरीजच चुकलेली सापडली होती आणि चूक दर वेळी कंपनीच्याच बाजूने कशी होते देव जाणे. दिसले तर नुकसान नाही, हातात थोडे जास्त येतील आणि म्हातारपणाला थोडे कमी. तुम्हाला पूर्ण बेसिकवरच हवा असेल तर तसं लेखी मागा, बऱ्याच कंपन्या देतात. नव्या लेबर कोडमुळे आणखी एक, आता वेजेस, म्हणजे पीएफ-ग्रॅच्युइटी ज्या पगारावर मोजतात ते, एकूण पगाराच्या निम्मे तरी धरावे लागतात, तुमचा महिना ६५ हजार आणि बेसिक २८, म्हणजे ४३ टक्के. त्यामुळे नवी कंपनी बेसिक ३२,५०० करत असेल तर त्यात फसवणूक नाही, उलट ग्रॅच्युइटीचा आकडा वाढतो.

पीएफ खात्याचं बाकी सोपं आहे, यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच राहतो, नवीन मेंबर आयडी पडतो, जुनं त्यात ट्रान्सफर करून घ्यायचं. काढू नका. कितीही मोह झाला तरी. पाच वर्षं सलग व्हायच्या आत काढलेल्या पीएफवर टॅक्स लागतो आणि पेन्शनची वर्षंही तुटतात. जुन्या कंपनीने डेट ऑफ एक्झिट, म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख, टाकली का ते जानेवारी-फेब्रुवारीत पोर्टलवर बघत राहा, नाहीतर वागळे इस्टेटच्या पीएफ ऑफिसात खेटे घालत बसाल, आणि तेव्हा तुम्ही महापेला असणार.

मग मागायचं किती? माझी पद्धत अशी आहे की एकदम टक्क्यावर जायचं नाही. टक्का सांगितला की समोरचा टक्क्यावरच घासाघीस करतो, तुम्ही १५ म्हणता, तो ५ म्हणतो, ७ वर हात मिळवता आणि व्हेरिएबल, शनिवार, नोटीस सगळं तसंच राहतं. आधी भरपाई मागायची, मग वाढ. भरपाई म्हणजे काही बदलत नाहीये हे तुमचंच वाक्य आहे ना सर, मग नका ना बदलू. खात्रीचा पगार ७.८० च ठेवा आणि व्हेरिएबल वर द्या, ग्रॅच्युइटी बाहेर ठेवा, नोटीस ३० दिवसच. यात तुम्ही खात्रीच्या पगारात एक रुपया जास्त मागितलेला नाही, त्यामुळे लोभी म्हणायची सोय नाही. नोटीसवर विशेष अडून बसा. ९० दिवस नोटीस असलेल्या माणसाला बाहेर नोकरी मिळणं अवघड, कारण समोरच्याला माणूस महिन्याभरात हवा असतो, आणि बाहेर जाता येत नाही हे कळलं की आतली वाढ आपोआप बारीक होते.

त्यानंतर वाढीचं. तुमचं इन्क्रिमेंट एप्रिलला असतं, आणि नव्या कंपनीचा नियम असा की ३० सप्टेंबरनंतर जॉइन झालेल्यांना त्या एप्रिलला वाढ नाही. जानेवारीत जॉइन होताय, म्हणजे थेट पुढच्या वर्षीच्या एप्रिलला, दोन वर्षांत एक वाढ. हे तर ड्राफ्टमध्येही लिहिलेलं नसतं, पॉलिसीत असतं, एप्रिलमध्ये कळतं. इथे सरळ म्हणायचं की माझं चालू वर्षाचं नऊ महिन्यांचं काम झालेलं आहे, त्याची वाढ एक तर आत्ताच या लेटरमध्ये द्या, नाहीतर एप्रिलला पूर्ण वर्षाची मिळेल असं लिहून द्या. तुमच्याकडे साधारण ८ टक्के मिळतात म्हणालात, तर शनिवार आणि प्रवास धरून आत्ताच १५ मागा, आणि भरपाईचं सगळं मान्य झालं असेल तर ८ ते १० ला हो म्हणा. भरपाई मान्य नसेल तर १५ ला पण मी हो म्हटलं नसतं.

प्रवासाचं म्हणाल तर तो खरा मुद्दा आहे, कमी लेखू नका. कळव्याहून वागळेला तुम्ही ठाण्याला उतरून बसने जात असाल, आता ठाण्याला उतरून पूल चढायचा, ९-१० नंबरवर ट्रान्स-हार्बर पकडायची, घणसोली नाहीतर कोपरखैरणेला उतरायचं आणि तिथून शेअर रिक्षासाठी रांग. जाऊन येऊन तास-सव्वातास जास्त, पावसाळ्यात विचारूच नका. महिन्याचा खर्च मांडा, पास, रिक्षा, आणि तो आकडा लोकेशन अलाउन्स म्हणून मागा, निदान एक वर्षासाठी. पगारवाढीचं बजेट नाही म्हणणारी कंपनी हे देते, कारण हे दुसऱ्या खात्यातून जातं. वन टाइम रिटेन्शन बोनस, म्हणजे टिकून राहावं म्हणून एकदाच देतात ती रक्कम, तिचंही तसंच. फक्त तो घेताना किती महिन्यांत सोडलं तर परत करायचा ते वाचा, वर्षाच्या वरचं बंधन असेल तर मी घेऊ नका म्हणेन.

आतली गोष्ट सांगतो, कारण आता मी कोणाच्या पेरोलवर नाही. मधल्या काळात एकदा मी टेबलाच्या पलीकडे होतो, साठेक लोकांना असंच हलवायचं होतं. माझ्याकडे मॅनेजमेंटने आधीच एक रक्कम बाजूला काढून दिली होती, कोणी अडलं तर वापरा म्हणून. अडले किती, तर दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील एवढे. बाकीच्यांनी सही केली, मला थँक्यू सर पण म्हणाले. जे अडले त्यातला एकही भांडला नव्हता, दोघी-तिघींनी तर फक्त एक मेल टाकला होता की सही करायला तयार आहोत, या चार गोष्टी लेखी कळवाव्यात. शेवटी उरलेली रक्कम परत गेली आणि मला बजेट वाचवलं म्हणून शाबासकी मिळाली. लाज वाटते पण खरं आहे.

म्हणून तुम्हीही तोंडी बोलून नंतर मेल टाका, किंवा आधी मेल, काहीही करा पण मेल असू द्या. सूर नरम, मुद्दे कडक. असं काहीसं बोला: "सर, मला यायचंच आहे, काम माझ्या आवडीचं आहे. फक्त लेटर वाचताना मला खात्रीचा पगार कमी होताना दिसतोय आणि सर्व्हिस तुटतेय, ते नीट करून मिळालं की मी लगेच सही करते." समोरून हमखास येणार की अहो सगळ्यांना सेम लेटर आहे, तुम्हाला एकटीला कसं वेगळं करणार. त्यावर म्हणायचं की मग सगळ्यांनाच सलग सेवेचं वाक्य द्या ना, आणि माझ्या पगाराचं माझ्यापुरतं बघा. दुसरं येणार की विश्वास नाही का आमच्यावर. विश्वास आहे सर, पण पाच वर्षांनी तुम्ही प्रमोशनवर दुसरीकडे असाल आणि फाइल उघडणारा माणूस वेगळा असेल. हे वाक्य चालतं, कारण त्याला प्रमोशन आवडतं.

चाळीस जणांनी मिळून जायचं का? सलग सेवा, रजेची शिल्लक, मेडिक्लेम, नोटीस, हे सगळ्यांचं सारखं आहे, यासाठी पाच-सहा जणांनी सह्या करून एकच मेल द्यावा, जोर येतो. पगाराचा आकडा मात्र ज्याचा त्याने. आणि व्हॉट्सॲप ग्रुप काढाल तर त्यात मालकाला शिव्या घालू नका, स्क्रीनशॉट एचआरकडे संध्याकाळच्या आत पोचतो, मी स्वतः असे स्क्रीनशॉट कोणी न मागता पाठवलेले बघितलेत, आणि पाठवणारे तेच ज्यांनी ग्रुपवर सगळ्यात जास्त आवाज केलेला असतो.

बाहेरची ऑफर नसताना आहे असं सांगू नका. महापे, रबाळे, ऐरोली इथले एचआर एकमेकांना ओळखतात, फोन होतो. खरी असेल तर जरूर सांगा, आणि नसेल तर निदान एक-दोन ठिकाणी सीव्ही टाकून ठेवा, त्याने बोलण्यात फरक पडतो, खोटं न बोलता.

नाही म्हटलं तर काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न. तीन गोष्टी होऊ शकतात. जुनी कंपनी चालूच राहणार असेल आणि तिथे अकाउंट्सचं थोडं तरी काम उरणार असेल तर तुम्हाला तिथेच ठेवतील. किंवा मधला मार्ग म्हणून डेप्युटेशन, म्हणजे पगार आणि नोकरी जुन्या कंपनीची, बसायचं महापेला. हा पर्याय तुम्ही स्वतःहून सुचवा, तुमच्यासाठी नऊ महिने तसे निघाले तरी पाच वर्षं पूर्ण होतात. आणि तिसरं म्हणजे काम नाही म्हणून कमी करतील, पण मग ती छाटणी झाली, तुमचा राजीनामा नाही, आणि वरचा तीन महिन्यांचा हिशोब लागू. म्हणूनच ते राजीनामा मागतात. शुक्रवारी केबिनमध्ये बसवून आत्ताच्या आत्ता सही करा म्हणाले तर करू नका, घरी वाचून सोमवारी देते म्हणा, आणि बाहेर येऊन लगेच मेल टाका की आज मला सही करायला सांगितलं, मी सोमवारपर्यंत वेळ मागितलाय. एवढ्याने बहुतेकांची भाषा बदलते. फारच जबरदस्ती झाली तर लेबर कमिशनरचं ऑफिस आहे, पण तिथे तारखा पडतात हे आधीच सांगतो, तो शेवटचा रस्ता.

किरकोळ पण विसरू नका असं दोन-तीन. साठलेल्या रजा पुढे नेणार की पैसे देणार, पैसे देणार तर बेसिकवर की ग्रॉसवर, ते लेखी. वर्षाच्या मध्ये कंपनी बदलली की दोन फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) येतात, नव्या कंपनीला जुन्या पगाराची माहिती द्यावी लागते, नाहीतर दोघेही सूट लावून टीडीएस, म्हणजे पगारातून कापायचा टॅक्स, कमी कापतात आणि रिटर्न भरताना दणका बसतो. तुमचा पगार बघता नव्या टॅक्स रिजीममध्ये तुम्हाला टॅक्स येत नाही, पगार जास्त असलेल्या तुमच्या मॅनेजरना मात्र हे सांगा. लेटरमध्ये पुन्हा सहा महिने प्रोबेशन असेल तर काढायला लावा, चार वर्षं काम केलेल्या माणसाला कसलं प्रोबेशन.

आणि मेडिक्लेम. आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत ठरलंय असं तुम्ही शेवटच्या ओळीत ओझरतं लिहिलंय, ते खरं तर पहिल्या ओळीत हवं होतं. नव्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आई-वडील धरतात का, जुन्या दुखण्याला थांबायचा काळ आहे का, आणि कव्हर १ जानेवारीपासून चालू होतंय की कन्फर्मेशननंतर, हे उद्याच विचारा, पॉलिसीची कॉपी मागा. आई त्यात बसत नसतील तर पगाराचं बोलणं बाजूला ठेवून आधी मागायचं हे की ऑपरेशन होईपर्यंत मला जुन्याच पेरोलवर, डेप्युटेशनवर ठेवा, मार्चनंतर ट्रान्सफर करा. कारण खरं आहे, कागद आहेत, आणि माझ्या अनुभवात अशा कारणाला नाही म्हणणारा एचआर क्वचितच भेटला. डॉक्टरांच्या तारखेचा कागद मेलला जोडा आणि मॅनेजरनाही कॉपीत ठेवा.